काचेतली पूर्व

त्या दिवशी वर्गात सूर्य आला नाही. सकाळचे आठ वाजून गेले होते, माझा तिसरीचा वर्ग उभा होता, एकेचाळीस तोंडं खिडकीकडे वळलेली होती आणि मी नेहमीच्या सुरात म्हणत होते, "समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण." वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि दिशांची उजळणी म्हणजे माझ्या हातचा मळ. रोज या सुमाराला खिडकीतून उन्हाची पट्टी आत यायची, तिसऱ्या बाकावर पडायची, आणि मला वेगळं काही समजावून द्यावंच लागायचं नाही. सूर्य स्वतः येऊन हजेरी लावायचा. त्या दिवशी खिडकीत नुसता हिरवट उजेड होता. समोरच्या सात मजली काचेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली होती आणि आदल्या दिवशी तिला बांबू बांधून वरपासून खालपर्यंत हिरवं कापड सोडलं होतं. "बाई, आज ढग आलेत," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला. मी मान बाहेर काढून वर पाहिलं. आभाळ नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ होतं. मुलांना हात पसरलेल्या अवस्थेत तसंच सोडून मी जिन्याच्या वळणावर गेले. तिथे एक अरुंद झरोका आहे, त्यात कोळ्याची जाळी आणि कुणीतरी कोंबलेले चॉकलेटचे कागद असतात. त्या झरोक्यातून, शेजारच्या धोब्याच्या छपरावरच्या वाळत घातलेल्या चादरींच्या वर, सूर्य चांगला हातभर चढलेला दिसला. माझ्या खिडकीच्या बरोबर उलट बाजूला. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. जमीन होती तिथेच होती, मीच दोन वर्षं तिच्यावर उलटी उभी होते. परत वर्गात आले तर मुलं अजून तशीच, हात पसरून. एकीने विचारलं, "बाई, उत्तर खाली घेऊ का? दुखतंय."

आता कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं, की एकतीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला सूर्य कुठून उगवतो ते दोन वर्षं कळलं नाही? नाही कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जुनी शाळा पाडायला काढली आणि आम्हाला या इमारतीत हलवलं, तेव्हा मला वाटलं की मला माझीच खोली परत मिळाली. दुसरा मजला, दारातून शिरल्यावर समोर फळा, डावीकडे खिडकी. जुन्या खोलीची खिडकी पूर्वेला होती. एकोणतीस वर्षं मी तिच्याकडे हात करून पूर्व म्हटलं होतं. हात सवयीने तिकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्या खिडकीतून ऊन आलं. मग शंका कशाला घ्यायची? ते ऊन समोरच्या काचांवर आपटून परत येतंय हे बघायला मान वर करावी लागते, आणि वर्गात माझी मान एकतर वह्यांत नाहीतर मुलांवर. घरून निघते तेव्हा नीट उजाडलेलं नसतं, बसमधून उतरते ती दोन उंच भिंतींमधल्या बोळात, शाळा सुटते तेव्हा सूर्य डोक्यावर. व्हरांड्याला वरपर्यंत पत्रे ठोकलेत, मुलं वाकून पडू नयेत म्हणून. कपाटात होकायंत्र आहे, शाळेने घेऊन दिलेलं; ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे कारण मुलं मोडतील, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. कारणं सगळी पटण्यासारखी आहेत. मी ती मनात एकामागून एक मांडली आणि मलाच माझा राग आला. गृहपाठ न केलेला मुलगा अशीच कारणं सांगतो, आणि मी त्याला म्हणते, कारणं नकोत, वही दाखव.

वही दाखवायची म्हटल्यावर टाचणी आठवली. टाचणी हे तिचं नाव नव्हे, पण शिक्षकांच्या खोलीत तिला सगळ्या टाचणीच म्हणायच्या. अंगाने बारीक, आणि बोलायला लागली की टोचायची. मागच्या वर्षी ती माझ्या तिसरीत होती, आता चौथीत. चौथीनंतर आमची शाळा संपते, मुलं दहा ठिकाणी पांगतात. मागच्या वर्षी चाचणीत मी प्रश्न घातला होता, "आपल्या वर्गाची खिडकी कोणत्या दिशेला आहे?" अर्ध्या मार्काचा, फुकटात देण्यासारखा प्रश्न, कारण खिडकीच्या वरच मी लाल तैलरंगाने मोठ्या अक्षरांत 'पूर्व' असं रंगवून घेतलं होतं. चाळीस जणांनी पूर्व लिहिलं. टाचणीने पश्चिम लिहिलं. मी तांबडी फुली मारली, आणि पेपर वाटताना ती उभी राहिली. "बाई, तो सूर्य खरा नाहीये. काचेतला आहे. खरा आमच्या घराच्या बाजूला उगवतो." हे तिने अगदी असंच सांगितलं होतं, शब्दन् शब्द. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मग खरा सूर्य काय तू दप्तरात घेऊन फिरतेस?" वर्ग खो खो हसला. मीही हसले, कारण विनोद बरा जमला होता. तिला 'खिडकी पूर्वेला आहे' हे दहा वेळा लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्यानंतर वर्षभर टाचणी टोचली नाही. प्रगतिपुस्तकात मी शेरा दिला होता, 'वागणुकीत चांगली सुधारणा'. तो शेरा मला त्या झरोक्यापाशी आठवला आणि आठवायला नको होता असं वाटलं.

खरं म्हणजे मला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी डावखुरी होते. होते म्हणते कारण ते मोडून काढलं. मी तिसरीत असताना आमच्या बाईंनी अशाच दिशा शिकवल्या. त्यांची युक्ती अशी की ज्या हाताने लिहिता तो उजवा. मी सूर्याकडे तोंड करून उभी राहिले, लिहायचा हात वर केला आणि दक्षिण म्हणून खणखणीत आवाजात उत्तर दाखवली. बोटांच्या पेरांवर पट्टी बसली. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा तोच हात वर गेला, कारण मी खरोखरच त्या हाताने लिहीत होते, पुन्हा पट्टी. संध्याकाळी आई कपडे पिळत होती. मी तिला विचारलं, "आई, माझी दक्षिण कुठे असते?" आई पिळा सोडवत म्हणाली, "बाई सांगतील तिथे." दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. पहिले सहा महिने अक्षर मुंगीने पाय ओढत जावं तसं यायचं, मग सुधारलं, इतकं की पुढे शाळेतले सगळे फलक मीच लिहायला लागले. अजूनही घाईत कुणी डावीकडे वळा म्हटलं की मला क्षणभर थांबून पदराखाली बोटं हलवून बघावं लागतं. भूगोलाच्या वाटेला गेले तीही बहुतेक म्हणूनच. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्याच गळ्यात पडायचं, असा काही माणसांचा स्वभाव असतो. पण माझ्या मनात इतकी वर्षं एक गोष्ट पक्की होती. आपण त्या बाईंसारख्या नाही. आपण पट्टी कधी उचलली नाही. ते खरंच आहे, मी फक्त विनोद केला होता.

मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी म्हणून मोठ्या. माझ्या खिडकीवरची ती लाल अक्षरं त्यांना इतकी आवडली होती की त्यांनी बाराही खोल्यांत चारही भिंतींवर दिशा रंगवून घेतल्या, माझ्या खोलीवरून मोजून. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं, शाळेच्या अहवालात फोटो आला. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठल्या, त्यांच्या खिडकीपाशी गेल्या, वर बघितलं, भिंतीवरचं अक्षर बघितलं. "म्हणजे ही माझी उत्तर?" "दक्षिण आहे ती." त्या परत येऊन बसल्या. "कोणाकोणाला सांगितलंत?" "कुणालाच नाही. आधी तुम्हाला." "छान केलंत. आता आणखी कुणाला सांगू नका. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, आणि अहवालातल्या त्या फोटोत पूर्वेखाली आपण दोघी उभ्या आहोत, हसत. सुट्टीत रंगारी बोलावू, बारा खोल्या गुपचूप बदलून घेऊ. पूर्व काही कुठे पळून जात नाही." मी म्हटलं, "पूर्व नाही जात, चौथीची मुलं जातायत. तीन आठवड्यांनी ती या शाळेत नसतील." "मुलं विसरतात हो." "आपण शिकवलेलं मुलं विसरतात असं आपणच म्हणायचं, तर मग आपण इथे येतो कशाला?" त्या हसल्या, मग हसू आवरून घेतलं. "बाई, तुमची दोन वर्षं राहिलीत. कशाला विकतचं दुखणं घेताय? उद्या पालक येऊन विचारतील, आणखी काय काय उलटं शिकवलंत त्याची यादी द्या." मी म्हटलं, विचारू देत, मलाही तेच विचारायचंय. त्या फायलीचा बंद आवळत बसल्या. वाईट बाई नाहीत त्या. त्यांना शाळा चालवायची आहे, आणि शाळा चालवताना बऱ्याच गोष्टी सुट्टीत रंगवून घ्याव्या लागतात.

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचताना पेन्सिल शोधतात. सगळं ऐकून म्हणाले, "शुद्धिपत्रक लाव." मी म्हटलं, "भिंतीला?" "पुस्तकाला लावायचो आम्ही, शेवटच्या पानाला चिकटवून. पण तुला खरं सांगू का, शुद्धिपत्रक वाचणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ज्याने चुकीचं पान पाठ केलं, त्याला गाठूनच सांगावं लागतं." "मोठ्या बाई नको म्हणतात." "मग नको करू." असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले, ओठांच्या कोपऱ्यात हसू. छत्तीस वर्षांच्या संसारात मला नको करू म्हटलं की काय होतं ते त्यांना माहीत आहे. आई म्हणायची, या पोरीच्या अंगात हट्टाशिवाय दुसरं हाड नाही. मग मी लिहायचा हात कसा बदलला, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदाच नवल वाटलं. तो तर माझा होता, त्याच्यासाठी मी हट्ट केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गाला सांगून टाकलं. तिसरी माझी, तिथे मी काय बोलते ते माझं. "मुलांनो, बाई चुकल्या. खिडकी पूर्वेला नाही, पश्चिमेला आहे. आपल्याकडे यायचा तो सूर्य समोरच्या काचांतून उलटून यायचा." एवढं म्हणायला मला तीन वेळा घसा खाकरावा लागला. मुलांनी ते फारच मजेत घेतलं. एकाने विचारलं, "मग तुमचे किती मार्क कापणार?" मी म्हटलं, तूच ठरव. त्याने बराच विचार करून दोन कापले. सगळ्यांनी खिडकीकडे पाठ केली, हात पसरले, एकमेकांच्या नाकात बोटं घातली, आणि पाच मिनिटांत एकेचाळीस जणांची पूर्व जागेवर आली. मला इतकं हलकं वाटलं की चौथीचंही असंच होऊन जाईल असं मी धरून चालले. मोठ्या बाईंच्या कानावर गेलंच. व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "झालं ना समाधान? आता चौथीपर्यंत जाऊ नका." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, पर्स उघडून चष्मा शोधल्यासारखं केलं.

त्याच दिवशी टाचणी नळापाशी भेटली. बाटली भरत होती; उंच झाली होती, वेण्या जाऊन केस कापलेले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, पूर्व कुठे?" तिने बाटलीवरची नजर न काढता मोकळा हात उचलला आणि माझ्या वर्गाच्या खिडकीकडे केला. "आणि तुझ्या घरी?" हात उलट बाजूला गेला, तितक्याच सहज. "म्हणजे दोन पूर्व आहेत?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. आपण लहान भावंडाला बुटाची नाडी समजावतो तशा आवाजात ती म्हणाली, "शाळेची वेगळी असते, बाई. पेपरात शाळेची लिहायची. मी एकदाच चुकले होते, तिसरीत. आता नाही चुकत." बाटली भरली, तिने झाकण लावलं, बाटली उलटी करून गळत नाही ना ते पाहिलं आणि पळाली. नळ चालूच राहिला होता. मी तो बंद केला, तरी तिथेच उभी राहिले. मला वाटलं होतं मी तिचा अर्धा मार्क घेतला. मी तिला असं शिकवलं होतं की डोळ्यांना दिसतं ते घरचं आणि लिहायचं ते शाळेचं, आणि या दोन्हींची गाठ घालून द्यायचा हट्ट करायचा नसतो. आईने कपडे पिळता पिळता मला जे दिलं तेच मी पुढे सरकवलं होतं, पट्टी न उचलता, हसत हसत. ही मुलगी तीन आठवड्यांनी दुसऱ्या शाळेत जाईल, मग तिसऱ्या, मग कुठल्यातरी ऑफिसात, आणि जन्मभर समोरच्याच्या तोंडाकडे बघून हात वर करील. नुसतं 'बाई चुकल्या' म्हणून चौथीचं भागणार नव्हतं. तेही ती वहीत लिहून घेईल, समास सोडून. शाळेची पूर्व आता इकडे आली, एवढंच तिला कळेल. तिला ते स्वतःच्या तोंडाने म्हणायला लागलं पाहिजे, माझ्या तोंडावर, सगळ्यांदेखत. एकदा हे ठरलं आणि मग मला बरं वाटलं, म्हणजे भूक लागली.

शाळेच्या अंगणातून सूर्य दिसत नाही, चारी बाजूंनी इमारती. दिसतो तो गच्चीवरून, आणि गच्चीला कुलूप. चौथीच्या बाई नवीन आहेत, त्यांना मी त्यांचा सकाळचा कवायतीचा तास मागितला. त्या म्हणाल्या, घ्या ना, माझ्या वह्या तपासून होतील. राहिली किल्ली. ती शिपाईमामांच्या कमरेला. मी मागितल्यावर मामांनी डोकं खाजवलं. "मोठ्या बाईंच्या चिठ्ठीशिवाय किल्ली द्यायची नाही असा हुकूम आहे, बाई." "माहीत आहे मला." "पण टाकी भरली का ते बघायला मी रोज सव्वासातला वर जातो. दार उघडंच राहतं. आणि गुडघे असे झालेत की उतरायला पाऊण तास लागतो." मी म्हटलं, "मामा, तुमच्यावर काही आलं तर मी पुढे होईन." मामा म्हणाले, "माझ्यावर काय येतंय? माझी बदली करायची म्हटली तर गच्चीतच करतील." त्या रात्री मला छान झोप लागली, जी तपासणीच्या आदल्या रात्री कधीच लागत नाही.

सकाळी सव्वासातला चौथीचा वर्ग रांगेने वर नेला, एकेचाळीस मुलं, तोंडावर बोट. कठडा त्यांच्या गळ्यापर्यंत येतो, ते मी आदल्या दिवशीच मामांना विचारून ठेवलं होतं. तरी सगळ्यांना मधोमध उभं केलं. मामा टाकीवर हात ठेवून उभे होते, जणू ती पळून जाणार होती. धोब्याच्या छपरापलीकडे सूर्य नुकताच वर आला होता, तांबूस, अजून बघता येईल असा. पलीकडे ती काचेची इमारत हिरव्या कापडात गुंडाळलेली. वारा होता. मी सूर्याकडे पाठ केली. माझी सावली लांबच लांब पसरून थेट कठड्यापर्यंत गेली. मी हात उचलला, सावलीच्याच दिशेने, त्या हिरव्या इमारतीकडे, आणि वर्गात म्हणते त्याच आवाजात म्हटलं, "ही पूर्व. म्हणा."

"ही पूर्व," एकेचाळीस जण म्हणाले.

इतकी मोठी लबाडी मी जन्मात कधी केली नव्हती, आणि ती इतकी सहज पचली. खांद्यावरून मागे पाहिलं तर त्यांच्या पाठीवर ऊन होतं. त्यांच्या सावल्या माझ्या सावलीशेजारी पडल्या होत्या, एकेचाळीस लहान सावल्या, सगळ्या पश्चिमेकडे बोट दाखवत. कुणी मागे वळून पाहिलंही नाही; पाहतील कशाला, बाई समोर उभ्या होत्या. मी पुन्हा म्हटलं, "ही पूर्व. सूर्य इकडे उगवतो." पुन्हा सूर आला, पण या वेळी जरा पातळ. मागच्या रांगेत दोघांची कुजबुज झाली. एका मुलाने मान वळवून सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने मान सरळ केली, चोरी पकडली गेल्यासारखी. मला वाटलं आता थांबावं, सांगून टाकावं, मुलांना असं छळू नये. पण मी ठरवून आले होते. शाळा सुटेपर्यंत उभं राहावं लागलं तरी चालेल. तिसऱ्यांदा मी म्हटलं आणि टाचणीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"तू का म्हणत नाहीस?"

तिची नजर माझ्या तोंडावर फिरत होती, कुठे खूण सापडते का बघत. मी तोंड कोरं ठेवलं. एकतीस वर्षांत मला हे एकच कधी जमलं नव्हतं, मुलाने बरोबर उत्तर द्यावं म्हणून माझे ओठ आधीच हलायला लागतात. "बाई, हे पेपरात येणार आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने सावकाश मागे वळून पाहिलं. उन्हाने डोळे बारीक झाले, पण तिने ते मिटले नाहीत. मग तिचा हात वर गेला, खांद्याच्या रेषेत सरळ, धोब्याच्या छपरावर. "मग पूर्व ही आहे. तुमचं चुकलंय."

त्याच वेळी जिन्याच्या दारात मोठ्या बाई दिसल्या. वर चढून आल्यामुळे त्यांना दम लागला होता, एक हात चौकटीवर. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग टाचणीकडे. "मागे नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा सांग."

टाचणीनेही मोठ्या बाईंना पाहिलं होतं. हात किंचित खाली आला. मग परत वर गेला. "बाई, तुमचं चुकलंय," ती म्हणाली, यावेळी कवायतीच्या आवाजात. "मागच्या वर्षीपण चुकलं होतं. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," मी म्हटलं. "बरोबर सांगितलं होतंस आणि मी तुला हसले. चूक माझी होती." एवढं बोलले आणि वळून सूर्याकडे तोंड केलं. एकेचाळीस जण धडपडत वळले. "समोर काय?" मी विचारलं. उत्तरं एकदम आली नाहीत. कुणी आधी सावली बघितली, कुणी सूर्य बघितला, एक जण पूर्व म्हणाला, दुसरा थांब म्हणाला, दोघांचं भांडण लागलं. इतका बेशिस्त तास मी आयुष्यात घेतला नव्हता. मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मामा, गच्चीला कुलूप का नाही?" मामा म्हणाले, "टाकी भरतेय." मग मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला लेखी द्या. काय चुकलं, केव्हापासून, सगळं." मी म्हटलं, देते. त्या जायला निघाल्या, दारापाशी थांबून त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग पायाखाली, आपली खोली कुठे येते त्याचा अंदाज घेतल्यासारखं.

मी त्या दुपारी सगळं लिहून दिलं, पानभर, माझ्या त्या नावाजलेल्या अक्षरात. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तपासणी अजून व्हायची आहे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचणी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात मागच्या वर्षीचा चाचणीचा पेपर, चार घड्या पडलेला. आईने सगळे पेपर जपून ठेवलेत, म्हणाली. पेपर तिने टेबलावर पसरला, घड्या तळव्याने सपाट केल्या आणि त्या तांबड्या फुलीवर बोट ठेवलं. "हा अर्धा मार्क राहिलाय."

मी लाल पेन उघडलं. फुली खोडली, शेजारी बरोबरची खूण केली, वरचे साडेनऊ खोडून दहा केले. तिने वाकून तपासलं. "खाली सही करा ना. नाहीतर आई म्हणेल मीच खोडलं. तारीखपण."

सही करायला मी पेन कागदावर टेकवलं, आणि थांबले. मग ते दुसऱ्या हातात घेतलं. त्या हाताने पेन्सिल सोडल्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. पेन निसटत होतं, अक्षरं वेगवेगळ्या उंचीची येत होती, आडनावाचा शेवट समासाबाहेर गेला. टाचणी हनुवटी टेबलावर टेकवून बघत होती. घाई कर म्हणाली नाही. सही झाल्यावर तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून."